लॅटिन मृत्युपत्र वाचताना वारस चुकतो कुठे: स्टेप बाय स्टेप

वारसाहक्काचं लॅटिन वाक्य समोर आलं की बहुतेक जण पहिल्या शब्दापासून डिक्शनरी उघडून बसतात, प्रत्येक शब्दाखाली इंग्लिश अर्थ लिहितात आणि मग त्या इंग्लिशचं मराठी करतात. एवढ्या उलाढालीत काका कुठला, मामा कुठला, पाऊण हिस्सा कोणाचा हे सगळं गळून जातं. मीही पहिलं वर्षभर हेच केलं. सीझरच्या मृत्युपत्रात 'तुतोर' शब्द आहे, तिथे मी बेधडक 'शिकवणी घेणारे सर' लिहून मोकळा झालो होतो, म्हणजे सीझरने स्वतःच्या खुन्यांना न जन्मलेल्या मुलाचे मास्तर नेमलं! कसं ते पुढे येईलच.

एलएलबीला रोमन लॉ असलेल्यांना आणि हौसेने लॅटिन शिकणाऱ्यांना, दोघांनाही हीच पद्धत चालेल. उदाहरण शेवटपर्यंत एकच धरू, ज्युलियस सीझरचं मृत्युपत्र, रोमन चरित्रकार सुएटोनियसने सीझरच्या चरित्रात ८३व्या परिच्छेदात दिलंय ते. लॅटिन शब्द मी क्लासिकल उच्चाराने देवनागरीत लिहितोय, म्हणजे 'सी' अक्षर कायम 'क' आणि 'टी' म्हणजे आपला 'त', डिक्शनरीत शोधताना तेवढं लक्षात ठेवा.

## १. वाचायच्या आधीची तयारी

एका कोऱ्या कागदावर पाच रकाने आखा: मयत, वारस, नातं, हिस्सा, क्रियापद. खाली एक आडवी रेघ मारा आणि रेघेखाली लिहा 'देणग्या'. रेघेच्या वर कोण आणि खाली कोण एवढं बरोबर आलं तरी निम्मं काम झालं समजा.

मग ही रूपं पाठ करा, कारण डिक्शनरीत फक्त पहिलं सापडतं. वारस म्हणजे हेरेस. 'वारसाला' असं कर्म असेल तर हेरेदेम, 'वारसाचा' हेरेदिस, 'वारसाला दिलं' मधला वारस हेरेदि, 'वारसाकडून' हेरेदे. अनेकवचन हेरेदेस, आणि हे कर्ता असो की कर्म, दोन्हीकडे सारखंच दिसतं म्हणून तिथे क्रियापद बघितल्याशिवाय ठरवू नका. वारसा म्हणजे हेरेदितास. हेरेस पुल्लिंगी पण आणि स्त्रीलिंगी पण, तितिया नावाची बाई वारस असेल तरी शब्द हेरेसच राहतो, त्यामुळे वारस मुलगा की मुलगी हे नावावरून किंवा विशेषणावरून बघायचं.

सांभाळा: मध्ययुगीन हस्तलिखितांत आणि जुन्या छापील पुस्तकांत हेरेसमध्ये एक जादा 'ए' अक्षर घुसवलेलं असतं आणि तो 'हाएरेस' दिसतो. तसाच शोधलात तर 'तू चिकटून बसतोस' असा अर्थ मिळेल, ते वेगळंच क्रियापद आहे. (काही वारसांना चपखल बसतं म्हणा.)

## २. मयत कोण, आणि मृत्युपत्र आहे का

वारस शोधायच्या आधी मयत शोधा. वाक्यात तेस्तामेंतुम किंवा तेस्तातोर दिसला तर मृत्युपत्र आहे. इन्तेस्तातुस, इन्तेस्तातो, आब इन्तेस्तातो यातलं काही दिसलं तर मृत्युपत्र नाही, मग ३ ते ७ सोडून थेट आठव्या स्टेपला जा.

आपल्याकडे थोडी मालमत्ता मृत्युपत्राने आणि उरलेली बिनमृत्युपत्राची अशी जाऊ शकते, आणि मराठी वाचक नकळत तेच गृहीत धरतो. रोमन कायद्यात साध्या माणसाला ही सोय नव्हती, सैनिकांना तेवढी सूट होती. एक तर सगळं मृत्युपत्राने, नाहीतर सगळं त्याच्याशिवाय. याचा हिशोबावर कसा परिणाम होतो ते पाचव्या स्टेपमध्ये.

सीझरच्या केसमध्ये मयत स्वतः सीझर, मृत्युपत्र इ.स.पू. ४५च्या १३ सप्टेंबरचं, व्हेस्टल कुमारिकांच्या (व्हेस्टा देवीच्या पुजारिणींच्या) प्रमुखाकडे ठेवलेलं. पहिला रकाना भरला.

## ३. नावं सोडा, क्रियापद पकडा

इथे घाई करू नका, सगळ्यात जास्त पेपर इथे चुकतात.

इ.स. दुसऱ्या शतकातला कायदेपंडित गायुस सांगतो की वारस नेमायचं पक्कं वाक्य म्हणजे 'तितिउस हेरेस एस्तो', तितिउस वारस असो (तितिउस हे आपल्या 'अमुक'सारखं नमुन्याचं नाव). एस्तो हा आज्ञार्थ आहे. 'तितिउम हेरेदेम एस्से युबेओ', म्हणजे तितिउस वारस असावा असा मी हुकूम करतो, हेही चालायचं. पण 'तितिउम हेरेदेम एस्से व्होलो', तितिउस वारस असावा अशी माझी इच्छा आहे, हे चालायचं नाही! 'इच्छापत्र' म्हणायची सवय असलेल्या आपल्याला हे विचित्र वाटतं, पण त्या काळात वारस हुकमाने व्हायचा, इच्छेने नाही. चौथ्या शतकात ही शब्दांची सक्ती गेली, त्यामुळे मजकूर कुठल्या काळातला आहे ते आधी बघा.

मृत्युपत्राबद्दल दुसरा कोणी सांगत असेल तर एस्तो दिसणार नाही, तिथे इन्स्तितुइत (नेमलं), स्क्रिप्सित (लिहिलं) किंवा फेकित (केलं) असतं आणि वारस कर्म होऊन हेरेदेम किंवा हेरेदेस या रूपात येतो. एक्सहेरेस एस्तो दिसलं तर उलटं, वारसाहक्कातून काढून टाकलंय. घाईत 'एक्स' निसटतो आणि बेदखल केलेला मुलगा वारस होऊन बसतो.

आता खरा खड्डा. लेगो नावाची दोन क्रियापदं आहेत आणि 'मी' च्या रूपात दोन्ही अक्षराला अक्षर सारखी दिसतात. एक लेगारे, मृत्युपत्राने देणगी देणं. दुसरं लेगेरे, वाचणं किंवा निवडणं. भूतकाळात फरक कळतो, लेगावित म्हणजे देणगी ठेवली आणि लेगित म्हणजे वाचलं. 'दो लेगो' अशी जोडी दिसली तर डोळे झाकून देणगी, कारण तो ठरलेला फॉर्म्युला आहे.

चेक: एस्तो, युबेओ, इन्स्तितुइत, स्क्रिप्सित, फेकित आणि सोबत हेरेस असेल तर नाव रेघेच्या वर. लेगो, लेगावित असेल तर रेघेच्या खाली. रोगो, पेतो असं विनवणीचं क्रियापद असेल तर तेही खालीच, ती वारसाला केलेली विनंती आहे की माझ्यामागे अमक्याला एवढं दे.

क्रम उलटा करून आधी देणग्या भरत बसू नका. गायुसच्याच म्हणण्याप्रमाणे वारसाची नेमणूक हे मृत्युपत्राचं डोकं आणि पाया, तिच्या आधी लिहिलेली देणगी त्या काळी चक्क रद्द धरायचे.

## ४. नातं: इंग्लिशमधून जाऊच नका

सीझरचं वाक्य घेऊ: 'त्रेस इन्स्तितुइत हेरेदेस सोरोरुम नेपोतेस'. तिघांना वारस नेमलं, सोरोरुम नेपोतेस. इंग्लिशचा नेफ्यू डोक्यात असलेले लोक इथे 'बहिणींची मुलं, म्हणजे भाचे' लिहितात. नेपोस म्हणजे नातू. भाचा हा अर्थ त्या शब्दाला बराच नंतर चिकटला. म्हणून हे बहिणींचे नातू, सुएटोनियस तेच म्हणतोय.

खरं तर नात्यांच्या बाबतीत मराठी माणसाचं काम इंग्लिशवाल्यापेक्षा सोपं आहे. त्याच्या एका अंकलमध्ये लॅटिनचे दोन शब्द कोंबलेत, आपल्याकडे दोन्ही वेगळे आहेत. पात्रुउस काका, अव्हुन्कुलुस मामा, अमिता आत्या, मातेर्तेरा मावशी. झालं, चार शब्द, एकास एक. भावंडांचंही तसंच, पात्रुएलिस म्हणजे चुलत, कोन्सोब्रिनुस मुळात मावस, अमितिनुस आते-मामे (आत्याच्या मुलाला मी मामेभाऊ आणि मला तो आतेभाऊ, लॅटिनने दोघांना एकच शब्द ठेवलाय). फक्त कोन्सोब्रिनुस बोलीत सगळ्याच चुलत-मावस भावंडांना वापरायचे, तेव्हा कायद्याचा मजकूर नसेल तर जपून.

वर जाताना अव्हुस आजोबा, प्रोअव्हुस पणजोबा, अबअव्हुस खापरपणजोबा. खाली येताना नेपोस नातू, प्रोनेपोस पणतू, अबनेपोस खापरपणतू. आपल्याकडे जसं 'पण' आणि 'खापर' लागतं तसं तिकडे 'प्रो' आणि 'अब', त्यामुळे शब्द पाठ करण्यापेक्षा उपसर्ग मोजा. सासरकडची नाती वारसात फारशी येत नाहीत पण एक सांगतो, लॅटिनमध्ये दीर म्हणजे लेव्हिर आणि जावा म्हणजे यानित्रिकेस, हे दोन्ही शब्द आणि आपले दीर-जाऊ एकाच मुळातून आलेत. इंग्लिशमध्ये जाऊबाईंना धड एक शब्द नाही!

सांभाळा: फामिलिया दिसलं की 'कुटुंब' लिहू नका. बारा पाट्यांच्या कायद्यात (रोमचा जुना लिखित कायदा, इ.स.पू. ४५१-४५०) 'फामिलियाम हाबेतो' येतं, त्याचा अर्थ मालमत्ता घ्यावी. उलट सीझर बहिणीचा नातू ऑक्टेव्हियस याला 'इन फामिलियाम नोमेनक्वे' दत्तक घेतो तिथे मात्र घराणंच. शेजारी घेणं-देणं आहे की दत्तक, त्यावरून ठरतं.

## ५. हिस्सा: बारा आण्यांचा रुपया

पुढचं वाक्य: 'गायुम ओक्तावियुम एक्स दोद्रान्ते, एत लुकियुम पिनारियुम एत क्विंतुम पेदियुम एक्स क्वाद्रान्ते रेलिक्वो'. इथे बरेच जण डिक्शनरी मिटून ठेवतात. गरज नाही, घरात जुना सातबारा असेल तर तो आठवा, नावांपुढे आणे-पैमध्ये हिस्सा लिहिलेला असायचा. रोमन लोकांनी अगदी तेच केलंय, फक्त सोळाऐवजी बारा. अख्ख्या वारशाला म्हणायचं आस, त्याचे बारा भाग, प्रत्येक भाग एक उंकिआ. आपल्याकडे 'सोळा आणे' म्हणजे पूर्ण, तिकडे पूर्ण वारसाला 'हेरेस एक्स आस्से' म्हणायचे.

बारातले किती ते असं:

उंकिआ १, सेक्स्तान्स २, क्वाद्रान्स ३, त्रिएन्स ४, क्विंकुंक्स ५, सेमिस ६, सेप्तुंक्स ७, बेस ८, दोद्रान्स ९, देक्स्तान्स १०, देउंक्स ११.

पाठ करायची युक्ती आपल्याच भाषेत आहे. पाऊण म्हणजे पाव उणा, एकातून पाव वजा. दोद्रान्स हुबेहूब तसाच बनलाय, क्वाद्रान्स वजा, म्हणजे पाऊण. देक्स्तान्स सेक्स्तान्स वजा, बारातून दोन गेले दहा. देउंक्स एक उंकिआ वजा, अकरा. एकोणीसमध्ये 'एक उणे वीस' आहे तसंच हे, शब्दाच्या सुरुवातीला 'दे' किंवा 'दो' दिसला की वजाबाकी करा.

हमखास होणारी चूक अशी की क्विंकुंक्समध्ये पाच ऐकू येतो म्हणून लोक एक पंचमांश लिहितात. नाही. क्विंकुंक्स म्हणजे पाच उंकिआ, ५/१२. सेप्तुंक्सही ७/१२. पण सेक्स्तान्स मात्र खरंच एक षष्ठांश, क्वाद्रान्स एक चतुर्थांश आणि त्रिएन्स एक तृतीयांश. शब्द 'उंक्स'ने संपला तर उंकिआ मोजा (देउंक्समध्ये एक उंकिआ वजा), 'आन्स' किंवा 'एन्स'ने संपला तर आसचा भाग करा, आणि दोद्रान्स-देक्स्तान्स वजाबाकीवाले.

सीझरचा हिशोब करा. ऑक्टेव्हियस एक्स दोद्रान्ते, ९/१२, म्हणजे पाऊण. पिनारियस आणि पेडियस एक्स क्वाद्रान्ते रेलिक्वो, उरलेल्या पावात दोघे. 'रेलिक्वो' हा शब्द गाळू नका, तो गाळला की दोघांना पाव-पाव धरलं जातं आणि बेरीज सव्वा होते. दोघांना मिळून ३ उंकिआ, सारखे वाटले तर प्रत्येकी दीड.

चेक: बेरीज १२ आली पाहिजे. नाही आली तर आधी स्वतःचं वाचन तपासा, तरीही येत नसेल तर मृत्युपत्र करणाऱ्यानेच गडबड केलीय आणि त्यालाही नियम आहेत. एकाच वारसाला एक्स सेमिस्से, म्हणजे अर्धाच हिस्सा लिहिला आणि बाकी कोणीच नाही? तो अख्खा वारसा घेतो, कारण उरलेला अर्धा बिनमृत्युपत्राचा ठेवता येत नाही. कोणाचाच हिस्सा लिहिलेला नसेल तर सगळ्यांना समान. एकाचा लिहायचा राहिला तर बारातून उरेल ते त्याचं. पण एकाचा राहिला आणि बाकीच्यांचीच बेरीज बाराच्या वर गेली, तर आस चोवीस भागांचा धरून हिशोब होतो.

## ६. 'दुसरा वारस' आणि 'मास्तर'

आता ती ओळ जिच्यामुळे मी तोंडावर पडलो होतो. सीझरने आपल्या बऱ्याच खुन्यांना 'इन तुतोरिबुस फिली, सी क्वी सिबि नास्केरेतुर' नेमलं होतं. तुतोर म्हणजे अज्ञान मुलाचा पालक. सातबाऱ्यावर लहान मुलाच्या नावाबरोबर 'अ.पा.क.' (अज्ञान पालनकर्ता) लावून मोठ्या माणसाचं नाव येतं ना, तो तुतोर. 'सी क्वी सिबि नास्केरेतुर' म्हणजे जर आपल्याला मुलगा झालाच तर. नास्केरेतुर हे शक्यतेचं रूप आहे, मुलगा झालेला नाही. रकान्यात मुलगा वारस म्हणून भरलात तर बेरीज पुन्हा कोलमडली.

लगेच पुढे डेसिमस ब्रूटस 'इन सेकुंदिस हेरेदिबुस'. याचं भाषांतर 'दुसऱ्या नंबरचे वारस' केलं की वाटतं त्यालाही काहीतरी मिळालं. काही नाही मिळालं. सेकुंदुस हेरेस म्हणजे राखीव वारस, पहिला वारस झालाच नाही तर याचा नंबर. याचंही ठरलेलं वाक्य आहे, आधी 'तितिउस हेरेस एस्तो', मग 'सी तितिउस हेरेस नोन एरित', तितिउस वारस झाला नाही तर, अमुक 'हेरेस एस्तो'. क्रिकेटच्या टीममधला बारावा खेळाडू समजा. त्याला मी कागदावर कंसात टाकतो, हिस्सा रिकामा ठेवून. आणि हा ब्रूटस म्हणजे शेक्सपियरच्या नाटकातला तो प्रसिद्ध मार्कस ब्रूटस नव्हे.

## ७. रेघेखालचे लोक

'पोपुलो होर्तोस किर्का तिबेरिम पुब्लिके एत व्हिरितिम त्रेकेनोस सेस्तेर्तियोस लेगावित'. लेगावित आलं, म्हणजे रेघेखाली. जनतेला टायबरकाठच्या बागा सार्वजनिक म्हणून, आणि माणशी ३०० सेस्टर्स (रोमन नाणी). व्हिरितिम म्हणजे माणशी, आणि त्रेकेनोस हा 'तीनशे' नाही तर 'तीनशे-तीनशे', वाटपाचा आकडा. त्रेकेन्तोस असता तर नुसते तीनशे. एका 'टी'चा फरक आणि रक्कम कुठल्या कुठे.

वारस आणि देणगी मिळणारा, म्हणजे लेगातारियुस, यांच्यातला फरक मराठीत 'वारस' हा एकच शब्द सैल वापरल्याने पुसला जातो. हेरेस मयताच्या जागी उभा राहतो, त्याची येणी, त्याची कर्जं, सगळं अंगावर घेतो. लेगातारियुस फक्त ठरलेली वस्तू घेऊन जातो. एवढ्या देणग्या वाटायच्या की वारसाला कर्जच उरेल, असं व्हायला लागलं म्हणून इ.स.पू. ४०मध्ये फाल्किदियन कायदा आला, वारसाच्या वाट्यात किमान पाव भाग उरलाच पाहिजे. मजकुरात 'क्वार्ता' एकटा आला तर बहुतेक वेळा हाच पाव भाग असतो, कोणा वारसाचा चौथा हिस्सा नाही.

## ८. मृत्युपत्र नसेल तर

बारा पाट्यांचं वाक्य: 'सी इन्तेस्तातो मोरितुर, कुइ सुउस हेरेस नेक एस्कित, अद्ग्नातुस प्रोक्सिमुस फामिलियाम हाबेतो'. कोणी मृत्युपत्राविना मेला आणि त्याला सुउस हेरेस नसेल, तर सगळ्यात जवळच्या अद्ग्नातुसने मालमत्ता घ्यावी.

सुउस म्हणजे 'स्वतःचा', हे व्याकरणाला धरून बरोबर आणि इथे निरुपयोगी. सुउस हेरेस म्हणजे कुटुंबप्रमुख म्हणून मयताच्या थेट कायदेशीर सत्तेखाली असलेला, त्याच्या मरणाने मोकळा झालेला. मुलगे आणि मुली दोघंही, आणि नवऱ्याच्या सत्तेत आलेली बायकोसुद्धा मुलीच्या जागी. पण हयातीतच सत्तेतून मुक्त केलेला सख्खा मुलगा जुन्या कायद्यात यात बसत नाही. 'सख्खा आहे म्हणजे सुउस' हे समीकरण डोक्यातून काढा. अद्ग्नातुससाठी मी 'भाऊबंद' लिहितो, पुरुषांकडून जोडलेलं नातं, आणि नातेवाईक या ढोबळ शब्दापेक्षा तो कितीतरी नेमका बसतो.

वाटणी दोन प्रकारची. इन स्तिर्पेस म्हणजे शाखेप्रमाणे, इन कापिता म्हणजे डोईप्रमाणे. मयताला दोन मुलगे, त्यातला एक आधीच वारला आणि त्याला तीन मुलगे आहेत. सुई हेरेदेस (सुउस हेरेसचं अनेकवचन) असल्याने इन स्तिर्पेस: हयात मुलाला अर्धा, तिन्ही नातवांना मिळून अर्धा, म्हणजे प्रत्येकी एक षष्ठांश. आता मयताला मूलच नाही, दोन्ही भाऊ वारलेले, एकाचा एक मुलगा आणि दुसऱ्याचे तीन. पुतणे भाऊबंद म्हणून येतात, म्हणून इन कापिता: चौघांना पाव-पाव. एकट्या पुतण्याला 'बापाचा अर्धा' मिळत नाही, आणि परीक्षेत हेच विचारतात.

आपल्या हिंदू वारसा कायद्याच्या (१९५६) कलम १९ मध्ये हीच जोडी 'पेर कापिता' आणि 'पेर स्तिर्पेस' अशी येते. गायुसमध्ये शोधताना 'पेर' टाकून शोधलंत तर हाती काही लागणार नाही, तिथे 'इन' आहे.

## ९. शेवटची तपासणी

भरलेला कागद तलाठ्याकडे वारस नोंदीला नेताय असं समजून मराठीत मोठ्याने वाचा: मयत गायुस युलियुस सीझर, वारस बहिणीचा नातू ऑक्टेव्हियस हिस्सा पाऊण, बहिणींचे नातू पिनारियस आणि पेडियस मिळून पाव, राखीव डेसिमस ब्रूटस, देणगी जनतेला बागा व माणशी ३००. कुठे अडखळलात तर त्या रकान्याच्या स्टेपला परत जा, सगळं पहिल्यापासून करायची गरज नाही. आणि पेन्सिलने लिहा, माझ्या कागदावर पेडियसच्या नावापुढे अजूनही पेनाने खोडलेला 'भाचा' दिसतो.